रखमाजीचा डावा गाल

चूक रखमाजीची नव्हती, त्याच्या बायकोची नव्हती, फोटोवाल्या छगनचीही नव्हती. ती शेजारच्या एका शहाण्याची होती आणि तो शहाणा म्हणजे मीच. रखमाजीची मुलगी निकिता नगरला नर्सिंग शिकते. बुधवारी ती माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आली आणि तिनं छगनच्या स्टुडिओचा नंबर मागितला. म्हणाली, "घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढायचाय. उद्याच." आपण नंबर द्यावा आणि गप्प बसावं. पण डीएड करून झेरॉक्स काढणाऱ्या माणसाला शिकवल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "अगं, फॅमिली फोटोला आता सगळे एकाच रंगाचं घालतात. असेल त्या कपड्यांवर उभं राहायचे दिवस गेले." एवढ्यावर थांबलो नाही. तिच्या मोबाईलवर चार नमुने पाठवून दिले. माझं काम तिथं संपलं. पुढचं सगळं त्या घरानं निस्तरलं.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात रखमाजी कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही. कडुलिंबाखाली त्याचं पाल असतं. दोरीवर मोरक्या, कासरे, घुंगरमाळा, लोकरीचे गोंडे. पण त्याची खरी ख्याती शिंगं साळण्याची. काचेच्या तुकड्यानं तो शिंग असं तासायचा की खडबडीत, चिरा पडलेलं शिंग हस्तिदंतासारखं निघायचं. मग तेलाचा हात, मग रंग. गावाहून येताना चार लोकांनी नावं ठेवलेला बैल रखमाजीच्या हातून बाहेर पडला की दलाल त्याच्याभोवती दोनदा फिरायचे. त्याच्या आज्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. नातवानं जिवंत जनावरं नटवायला घेतली. कुठल्या बैलाला कुठला रंग, हे तो लांबूनच सांगायचा. "काळ्याला पिवळा बांध. तांबड्याला हिरवा. अन् ह्याला काई बांधू नको, ह्याचं डोळंच बास हायेत."

तीस वर्षं बोलता बोलता त्यानं डाव्या गालात तंबाखूचा विडा धरला. मग त्या गालात गाठ आली. तोंड उघडेना. नगरच्या डॉक्टरनं दोन बोटं तोंडात घालून बघितली, दुसरं बोट जाईना. घरी येऊन रखमाजीनंच सांगितलं, "त्यानं माझं दात बघितलं. म्हनला, जनावर जुनं हाय, पर घिऊन टाकू."

सगळे हसले. त्याची बायको भागिरथीही हसली, कारण तिला पुढचं माहीत नव्हतं.

पुढचं दोघांना माहीत होतं. सोमवारी भरती आणि मंगळवारी ऑपरेशन, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक; पण त्यात डावा जबडा आणि त्याच्यावरचा गाल काढायचा, हे या दोघांनाच. छातीचं कातडं आणून तिथं लावणार. निकिता शिकत होती, म्हणून तिला माहीत. आणि रखमाजीला माहीत, कारण दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी तेच ऑपरेशन झालेला एक माणूस तोंडावर टॉवेल धरून बसला होता. तो माणूस टॉवेल सारखा करायला गेला आणि टॉवेल क्षणभर बाजूला झाला. रखमाजीनं तेवढ्यात पाहिलं. त्या दिवशी येताना एसटीत तो लेकीला एवढंच म्हणाला, "सोमवारच्या आत समद्यांचा येक फोटू काढू. माझं त्वांड हाय तवर."

त्याचा धड फोटो एकही नव्हता. लग्नातलं रीळ वाया गेलेलं. आधार कार्डावरचा काळपट, पुसट माणूस तर आपल्याच वॉरंटवरचा वाटावा.

तर बुधवारी संध्याकाळी सूनबाई अश्विनीनं माझे नमुने पाहिले आणि रंग ठरवून टाकला. वाइन कलर. तिचा नवरा तुषार सुप्याला कंपनीत कामाला. तो रजा टाकून आला होता.

"वाइन म्हंजी कोंचा गं?" भागिरथीनं विचारलं.

"असा... जांभळा नाही, लाल पण नाही."

"वांग्यावानी?"

"आई, वांग्यासारखा नाही ओ!"

"मंग मला कशाला? मी काळी. दिसलं काय तरी का मधी, देठ सोडून?"

रखमाजी नाकानं हसला. तोंडानं हसायची सोय राहिली नव्हती.

गुरुवारी तुषार नगरला जाऊन शर्ट घेऊन आला. दिव्याखाली वाइन वाटणारा रंग अंगणात तपकिरी निघाला. तो बदलायला शुक्रवारी पुन्हा नगर. छगनला दोनदा फोन करून वेळ पुढं ढकलली. निकिता एकदा म्हणाली, "राहू द्या ना रंग. आत्ताच जाऊ, आहे तसं." पण तिला कारण सांगता येईना आणि कारणाशिवाय तिचं कोण ऐकणार? तुषार म्हणाला, "एकदाच काढायचाय, तर नीट काढू." 'एकदाच' हा शब्द त्याच्या तोंडून सहज गेला. मग तो बराच वेळ शर्टाच्या कॉलरची टाचणी काढत बसला.

खरं सांगायचं तर त्या घरात तीन दिवस रंगांबद्दलच बोलणं चाललं होतं, कारण दुसऱ्या कशाबद्दल बोलायची कुणाची हिंमत नव्हती. ओढणी शोभेल का, यावर तासभर बोलता येतं. गाठीवर काय बोलणार?

शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर भागिरथीनं पेटी उघडली. तळातून पांढरी साडी काढली, निळ्या काठाची. ही ती बुद्धपौर्णिमेला विहारात नेसते. तिनं घडी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आपुन समदे पांढरंच घालू की. पोरांकडं पांढरे सदरे हायेत, अश्विनीकडं बी साडी हाय. विहारात बसतो तसं बसू. ह्याच्याहून चांगलं काय असतं?"

खरंच होतं. त्या घरात पांढरं म्हणजे चांगल्या दिवसाचं. लग्नंसुद्धा पांढऱ्यातच लागलेली. पण अश्विनी तीन दिवस आतून घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर झाकण नसतं.

"पांढरं नको ना आई," ती पटकन बोलून गेली, "आत्तापासूनच कशाला?"



अश्विनीनं दोन्ही हातांनी तोंड धरलं. ती स्वतः बौद्धाचीच लेक, तिच्याही लग्नात पांढरी साडी होती. मग हे शेजारपाजारचं भय तिच्या जिभेवर कुठून आलं, ते तिलाच कळेना. भागिरथीनं सुनेकडं पाहिलं नाही. नवऱ्याकडं पाहिलं, मग लेकीकडं. निकितानं मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेवरून भागिरथीला सगळं समजलं. कुणी काही सांगितलं नाही. तिनं साडी पेटीत परत ठेवली आणि पेटीवर बसून राहिली.

शनिवारी कुणी रंगाचं नाव काढलं नाही. दुपार झाली. मग रखमाजीच उठला आणि त्यानं घरातले सगळे कपडे खाटेवर आणून टाकले. साड्या, ड्रेस, सदरे, तुषारचे ते दोन्ही शर्ट.

"या हिकडं. एकेक जन उभं ऱ्हावा."

"दादा, काय करताय?" तुषार म्हणाला.

"बाजाराला काडतोय."

त्यानं निकिताला समोर उभं केलं, मागं सरकून एक डोळा बारीक केला, जसा बैलापुढं करायचा. मोरपंखी ड्रेस तिच्या खांद्याला लावला. "हां. हिला ह्यो." अश्विनीला पिवळी साडी. ती रडायलाच लागली. तेव्हा म्हणाला, "रडू नको, पिवळं रडक्यावर खुलत न्हाई." तुषारच्या अंगाला त्यानं नवे शर्ट लावून बघितले आणि दोन्ही खाटेवर फेकले. "त्यो निळा जुनाच घाल. नवं जनावर बुजल्यावानी दिसतंय."

भागिरथी पेटीवरून हलली नाही.

"ऊठ."

"मला काय बी चालतंय."

"ऊठ म्हनतो. ती पांढरी काड."

"न्हाई."

"अगं, खिल्लारी बैल पांढराच असतो. त्याला रंग लावला तर हसत्यात लोक." त्याला एवढं बोलायलाही कष्ट पडत होते, शब्द दातांमागून गाळून येत होते. "तू नेस. मी सांगतो म्हून नेस."

 तिनं उठून साडी बाहेर काढली.

रविवारी अकराची वेळ होती. त्याच्या आधीच, नऊला, चांद्याचा सहादेव आपला खोंड घेऊन दारात उभा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "रखमा, खोंडाची शिंगं तेवढी साळून दे बाबा. तुझ्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाई हे बेनं."

"दादा, आज नको," निकिता म्हणाली.

"दोन शिंगं हायेत. घटकाभराचं काम." रखमाजीनं काच घेतली. सोमवारनंतर हे काम आपल्या नशिबी असेल की नाही, हा विचार त्याच्या मनात आला असावा.  खोंडाच्या कपाळावर हात ठेवला तसं जनावर खरंच शांत झालं. एक शिंग झालं. पांढरं, गुळगुळीत, टोकाला मधासारखं पिवळसर. दुसऱ्या शिंगाला हात घातला आणि खोंडानं मान झटकली. रखमाजीनं जोर लावला, दात दाबले गेले आणि डाव्या गालात काहीतरी फुटलं.

आधी त्याला घाम वाटला. मग हात लावला.

गाठ बाहेरच्या बाजूनं फुटली होती. निकितानं पाणी गरम केलं, जखम धुतली. तिचे हात कॉलेजात शिकवल्याप्रमाणे चालत होते आणि डोळे वाहत होते. दवाखान्यात फोन लावला. तिकडून म्हणाले, पट्टी लावा, उद्या तर येताच आहात. तिनं कानापासून हनुवटीपर्यंत पट्टी लावली. सहादेव खोंडाचा कासरा धरून अंगणातच उभा होता. एक शिंग चकचकीत, एक तसंच. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे रखमा. ऱ्हायलेलं पुन्यांदा कर." आणि खोंड घेऊन निघून गेला.

तरी फोटोला गेले. न जाणं म्हणजे काहीतरी कबूल करणं होतं.

छगननं पाचही जणांना उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं. मोरपंखी, पिवळा, निळा... रखमाजीची निवड इतकी अचूक होती की छगननंही मान डोलावली. एका रंगाचे फक्त दोघे निघाले, भागिरथीची साडी आणि रखमाजीची पट्टी.

"काका, थोडं हसा."

रखमाजीनं डोळ्यांनी प्रयत्न केला.

"पट्टीची काळजी करू नका. कॉम्प्युटरवर काढून टाकीन, कळणार पण नाही."

"ऱ्हाऊ दे," रखमाजी म्हणाला. पण पट्टीआडून ते 'होऊ दे' असं ऐकू आलं आणि छगननं कौतुकानं "हो हो" म्हटलं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. सात तास. डॉक्टरांच्या मते चांगलं झालं. महिन्याभरानं रखमाजी घरी आला, नाकात नळी घेऊन, खांद्यावर टॉवेल घेऊन. आता बोलला तर फक्त निकिताला कळतं, आणि ती आठवड्यातून एकदाच येते. बाजाराच्या दिवशी कडुलिंबाखालची जागा रिकामी पडली. पहिले दोन बाजार लोकांनी ती सोडली. तिसऱ्या बाजाराला तिथं मोबाईल कव्हरवाला बसला.

त्याच सुमाराला छगन स्वतः फोटो घेऊन आला. सोनेरी फ्रेम. पट्टी गेलेली. दोन्ही गाल भरलेले, सारखे, तकतकीत. पोरगा मनानं चांगला. त्यानं रात्री बसून हे केलं होतं. शेजारपाजारचे म्हणाले, वा, काय आलाय! मीही म्हणालो.

भागिरथीनं फ्रेम उंबऱ्यापाशी उजेडात नेली आणि बराच वेळ पाहिली.

"ह्यो कोन?"

"काकू, असं काय करता? काकाच की."

"न्हाई. ह्यांच्या डाव्या गालाला वासराच्या लाथेचा वण हुता. मला बघायला आले तवा मान वर करायची सोय न्हवती. एकदाच केली, तवा तेवढा वणच दिसला. त्याच्यावरून म्या हो म्हनले." तिनं पदरानं काच पुसली, जणू खाली वण सापडेल. "कुटं गेला त्यो?"

छगनचा चेहरा पडला. "मी उजवा गाल उलटा करून डावीकडं बसवलाय, काकू."

"मंग पट्टीचा दे. त्यो तरी त्यांचा हाय."

"तो आहे. पण वण नाही त्याच्यात. पट्टीखालचं कॅमेऱ्यात येत नाही."

वण आता कुठंच नव्हता. गालावरचा दवाखान्यात गेला, फोटोतला पट्टीखाली राहिला आणि निकिता म्हणाली होती त्याप्रमाणे गुरुवारीच फोटो काढला असता तर... पण या वाक्याचा शेवट मी आजवर कुणासमोर केलेला नाही. भागिरथीनं फ्रेम कपाटावर आडवी ठेवली. ती अजून आडवीच आहे.

रखमाजी हे सगळं खाटेवरून बघत होता.  त्यानं कूस बदलली, डावी बाजू भिंतीकडं.

सहादेव अधूनमधून घोडेगावात येतो. खोंडाचा आता बैल झालाय. एक शिंग साळलेलं, एक खडबडीत, त्यामुळं वाटेतली पोरं हसतात. दोघातिघांनी सांगितलं, दुसऱ्याकडून करून घे. तो म्हणतो, "रखमानं हात घातलाय, त्योच पुरं करील. त्याच्याकडं माझं एक शिंग बाकी हाय." परवा तो मुद्दाम बैल घेऊन रखमाजीच्या दारावरून गेला. दार उघडं होतं. रखमाजी आत बसलेला, टॉवेल तोंडावर धरून. बैलानं त्याला ओळखलं आणि थांबला. सहादेवनं हाक मारली, "रखमा, सवड हाय का?"

रखमाजीनं बैलाकडं पाहिलं, त्या न साळलेल्या शिंगाकडं. उजवा हात थोडा उचलला. मग भागिरथीला खूण केली आणि तिनं उठून दार लावून घेतलं.