दोराचं दुसरं टोक

समस्त भाविकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रत्यक्ष मारुतीरायानं एकदा माझा नवस नाकारला होता. तोही चारचौघांत, घंटा वाजवून.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी तिथे खलाशी होतो. खलाशी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमचं काम मात्र लोखंडी तुळयांना दोर बांधायचा आणि क्रेनवाल्याला हातानं खुणा करायच्या. दिवाळीच्या आधी मला विषमज्वर झाला. शेजारच्या खाटेवर आमच्या भंडाऱ्याकडचाच एक माणूस होता. एका सकाळी ती खाट रिकामी दिसली आणि माझी सगळी ऐट गळाली. कॅम्पातल्या पत्र्याच्या देवळातल्या मारुतीला मी पडल्यापडल्या म्हटलं, "मले बरं कर, पाच शनिवार अपंगांची सेवा करीन." ताप उतरला.

शनिवारी मला सुट्टी असे. सायकल मारत उतईपलीकडच्या एका खेड्यात गेलो. तिथे दुकालू नावाचा आंधळा दोरवाला होता. त्याची शेजारीण फुलबासन लहानपणापासून पायांनी लुळी. ती बांबूची सुपं विणायची. एकाच अंगणात दोघं! मला कोण आनंद झाला. दर शनिवारी सकाळी मी दुकालूचा हात धरून त्याला तळ्यावर न्यायचो आणि भर थंडीत स्वतःच्या हातानं अंघोळ घालायचो. मी पोचायचो तेव्हा त्याचे केस ओलेच असायचे. मला वाटायचं, दव पडत असेल. मग फुलबासनची खाट उचलून सावलीत नेऊन ठेवायचो. ती बोलायला तोंड उघडायची, तेवढ्यात मी म्हणायचो, "आभार मानू नका बाई, हे माझं कर्तव्य आहे." ती तोंडावर पदर घ्यायची आणि तिचे खांदे हलायचे. ती गहिवरली आहे हे मी तत्काळ ओळखायचो.

घरी माझी बायको म्हणाली, "एवढे काहून फुगून राहिले? त्या लोकांले काय पाहिजे, इचारलं का?"

"सेवा करणारा इचारत नसते," मी म्हणालो.

चौथ्या शनिवारी संध्याकाळी मारुतीपुढे उभा राहिलो आणि अंमळ जोरातच घंटा ओढली. घंटा एकदाच वाजली. कुजका दोर तुटून माझ्या गळ्यात पडला. कोणी म्हणालं, "देवानं हार घातला!" मागून दुसरा म्हणाला, "हार कुठचा, फास हाय तो!" सगळे हसले. मी हसलो नाही. घरी येईपर्यंत अंगात कणकण भरली होती आणि डोळ्यांपुढे ती रिकामी खाट.

आठवडाभर कणकण गेली नाही. कारखान्यात दोरांचे ढीग पडले होते, पण सरकारी दोर चोरून देवाला बांधायची छाती होईना. पाचव्या शनिवारी तसाच दुकालूच्या दारी गेलो. "दादा, आज सेवाबिवा होत नाही माह्याच्यानं. मले घंटेले दोर पाहिजे."

दुकालू छत्तीसगढीत बोलायचा. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगतो. "दोर कुठून देऊ? मी एक टोक पिळतो, दुसरं बायको धरायची. ती आता तुमच्याच कारखान्यात घमेली वाहते. दोन महिने झाले, बाजारात नेण्याजोगा एक दोर वळून झाला नाही."

"मग बोलले काहून नाही?"

"तू बोलू कुठं देतोस, बाबू?"

त्यानं अंबाडीच्या वाखाचं टोक माझ्या हातात दिलं. "धर. ओढायचं नाही, सोडायचं नाही, बोलायचं नाही."

पहिला तास मी सूचना केल्या. "तोंड हललं की टोक हलतं," तो म्हणाला. मग गप्प बसलो. माझ्या एका बोटाच्या खुणेवर टनांची तुळई उचलली जायची, आणि इथे मी नुसता खुंटा. तो आंधळा माणूस पलीकडे पीळ देत होता आणि प्रत्येक पीळ थरथरत माझ्या तळहातापर्यंत येत होता. त्या लयीत रामनाम कधी सुरू झालं, कळलं नाही. ऊन कलेपर्यंत कणकणही निघून गेली होती. ती उन्हानं गेली की आणखी कशानं, ते मी सांगत नाही. एवढंच समजलं की पीळ देणारा वेगळा आहे. आपल्याकडे दुसरं टोक आहे, ते घट्ट धरावं आणि गप्प बसावं. हे कळायला मला आधी गरजू व्हावं लागलं, याबद्दल मारुतीरायाचे उपकार मी अजून मानतो.

संध्याकाळी दुकालूला सायकलवर मागे बसवून आणलं. त्यानं चाचपून घंटेला दोर बांधला. गाठ माझ्यापेक्षा सरस. पण देऊळ भरलेलं, सगळे बघतायत. माझं गप्प बसणं तिथंच संपलं. मी हात जोडून खणखणीत आवाजात म्हणालो, "मारुतीराया, या दीनांची सेवा गोड मानून घे. आणखी पाच शनिवार करीन!"

ते ऐकताच दुकालूनं दोन्ही हातांनी नवा दोर धरला, घंटा दणदणा बडवली आणि साऱ्या देवळाला ऐकू जाईल असा ओरडला, "बजरंगबली, याला टोक धरायला रोज येऊ दे! पण मी पहाटेच अंघोळ करून बसतो, मला पुन्हा तळ्यात घालू नको म्हणावं! आणि त्या फुलबासनला उन्हात बसू दे, थंडीनं काकडते बिचारी!"