गिलावा न केलेलं शहर

धाकट्या बहिणीचा नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली झाली ती थेट चंदीगडला. तवापासून फोनवर तिचं एकच, "आक्का, येऊन बघ एकदा, असं शहर न्हाई कुठं." शेवटी गेले. जळत जळतच गेले, खोटं काहून बोलू.

त्याला कारण हाय. कळमनुरीला आमी घर बांधलं. आतून सगळं झालं, बाहेरून गिलावा तेवढा राहिला. वास्तुशांतीला पंगत बसलेली अन् ही बाई वाढता वाढता म्हणाली, "आक्का, घर उघडंबोडकंच ठेवलंस व्हय?" सगळी पंगत हसली. ते माझ्या मनातून गेलंच न्हाई. आता दिवाळीला ती पुन्हा येणार होती, म्हणून त्याच्या आधी गिलावा झालाच पाहिजे, असं मी नवऱ्याच्या मागं लागले होते.

चंदीगडचे रस्ते पाहून तोंड कडू झालं. सरळ, रुंद, दोन्हीकडं झाडं. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी रस्ता कोणता अन् दुकान कोणतं, ते कळत न्हाई. हे सगळं हिच्याच वाट्याला काहून, एवढंच माझ्या डोक्यात फिरून राहिलं होतं.

मग ती मला तिथल्या मोठ्या सरकारी इमारती दाखवायला घेऊन गेली. ओळखपत्र दाखवलं, पास काढला, गाईडच्या मागं निघालो. मी मान वर केली अन् तोंडातून निघूनच गेलं, "अगं, हिचा तर गिलावाच राहिला."

काँक्रीट ओतताना लावलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेघासुद्धा भिंतीवर तशाच होत्या. धाकटी हसली. "मुद्दाम ठेवलंय आक्का. हेच बघायला तर परदेशातून लोक येतात."

परत आलो तर तिचं क्वार्टरही तसलंच. उघड्या विटा, विटांचीच जाळी. सकाळी मी बराबर पाहिलं नव्हतं. हेही मुद्दामच म्हणे.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "इथं उघडी वीट म्हणजे कला, अन् माझ्या घराची वीट पंगतीत हसायला?"

ती चहा करत होती. गॅस बारीक केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "जळत होते मी त्या दिवशी. तुझं स्वतःचं घर झालं. मला इथं भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. ह्यांची नोकरी संपली की हे खाली करायचं, मग कुठं जायचं ते अजून ठरलं न्हाई."

पदरानं डोळे पुसून राहिली होती. सख्खी बहीण, मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण तितका गोड चहा मी आजवर पिले न्हाई.

संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला. म्हणलं, "गवंड्याला येऊ नको म्हणा. दिवाळीला धाकटी येऊन राहिली. तिला बघू द्या घर, हाय तसंच."