पाणी आलं तेव्हा एल्फास टाकीत होता

एल्फास माभेनानं उभं आयुष्य पावाची गाडी चालवली. बुलावायो शहरातल्या बेकरीतून पहाटे निघायचं, प्लमट्रीच्या रस्त्यावरची दुकानं घेत सरहद्दीपर्यंत जायचं आणि दिवेलागणीला मागवेग्वे वस्तीतल्या घरी परतायचं. घर म्हणजे जेवायची आणि पाठ टेकायची जागा. मधल्या वेळात तिथं काय चालतं, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्याला ते दिसायला लागलं. त्या घराचं त्याच्यावाचून काहीच अडत नव्हतं.

त्याच्या बायकोनं, मालुंगानं, सगळं घर पाण्याभोवती बांधून काढलं होतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही त्याच्या मर्जीनं. पिवळ्या बादलीतलं पाणी प्यायचं. पांढऱ्यातलं स्वयंपाकाचं. अंघोळ पत्र्याच्या मोठ्या टोपात उभं राहून करायची, म्हणजे ते पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. भाजी धुतलेलं पाणी वाफ्याला. एल्फासनं एकदा पिवळ्या बादलीत तांब्या बुडवून तोंड धुतलं, तर मालुंगानं जोहान्सबर्गला लेकीला, थांडीला, फोन लावला. "तुझ्या बाबांनी आज प्यायच्या पाण्यात दाढी केली," असं तिनं सांगितलं. दाढी त्यानं केली नव्हती. पण सांगणार कोणाला?

त्याच थांडीनं मग टाकी पाठवली. उंच, हिरवी, प्लॅस्टिकची. सरहद्दीपलीकडून माल आणणाऱ्या गाडीच्या टपावर बांधून ती आली, आत रजया आणि तेलाचे डबे कोंबून. मागच्या अंगणात विटांच्या ओट्यावर ती बसवली, आणि घरात आणखी एक नियम वाढला. टाकी रिकामी झाली की ती धुवायची. धुवायची म्हणजे वरच्या तोंडातून लांब दांड्याचा झाडू फिरवायचा. पण झाडूनं तळाचं शेवाळ निघत नाही, असं मालुंगा कित्येक आठवडे म्हणत होती. कोणाला उद्देशून असं नाही. उगाच म्हणायची.

ऑक्टोबरातला गुरुवार होता. मालुंगा दुकानात गेली होती, कारण दुपारी चर्चच्या बायकांची प्रार्थनासभा तिच्याकडे होती आणि चहाबरोबर द्यायला साखर कमी पडत होती. टाकीत थेंब नव्हता. एल्फासला वाटलं, ती यायच्या आत आपण आत उतरून टाकी लख्ख करावी. कोणी न सांगता एखादं काम करावं आणि तिनं नुसतं "अरे वा" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्यानं शेजारच्या बुसीच्या आईकडून शिडी मागून आणली. कपडे काढून दोरीवर टाकले, चड्डीवर वर चढला, कोल्ड्रिंकचं रिकामं क्रेट आत टाकलं आणि हात वर करून टाकीच्या तोंडातून स्वतःला आत सोडलं. पोट थोडं घासलं. उतरताना वजन आपल्या बाजूनं असतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आत हिरवट उजेड होता आणि भट्टीसारखी ऊब. त्यानं तासून तासून तळ घासला. घासता घासता बाहेर काहीतरी खरडल्याचा आवाज आला आणि बुसीच्या आईचं गुणगुणणं. "काम झालं की शिडी परत ठेवायची पद्धत नाही या घरात," असं ती स्वतःशीच म्हणाली. एल्फासनं तिकडं लक्ष दिलं नाही. आधी शेवाळ, मग शिडी, असा त्याचा हिशेब.

शेवाळ संपलं तसा तो क्रेटवर चढला, काठ धरला, जोर लावला आणि क्रेट फाटकन दुभंगलं. तो खाली बसला. उठून पुन्हा काठ धरला. हात पोचत होते, पण ओल्या भिंतीवर पाय ठरत नव्हते आणि खांदे म्हातारे झाले होते.

"मालुंगा!" त्यानं हाक मारली. हाक टाकीत फिरून त्याच्याच कानात आली. "बुसीची आई!" तीही परत आली.

थोड्या वेळानं फाटक वाजलं. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच घाम फुटला. मालुंगाबरोबर बऱ्याच बायकांचे आवाज होते. पुढच्या अंगणात ऊन होतं म्हणून त्या मागं आल्या आणि आंब्याखाली, टाकीपासून हातभर अंतरावर, चटया टाकून बसल्या.

"हे बघा," मालुंगा कोणाला तरी दाखवत म्हणाली, "काढले तिथंच टाकले. विजार, सदरा, सगळं. आणि साहेब गेले असतील दुकानापाशी सोंगट्या खेळायला."

तिनं कपडे गोळा करून घरात नेले.

एल्फास गप्प राहिला. लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या चर्चच्या बायका, त्यात चर्चच्या पाळकाची बायको, पाळकबाईसुद्धा आलेल्या, आणि त्यांच्यासमोर टाकीतून चड्डीवर निघायचं? त्यापेक्षा बसू. प्रार्थना काही दिवसभर चालत नाही.

प्रार्थना चालली. एकीचा मुलगा दारू पितो, एकीचा गुडघा. मग मालुंगाची पाळी आली.

"देवा," ती म्हणाली, "माझा नवरा चांगला आहे, हे तुला माहीतच आहे. त्यामुळंच पंचाईत झालीय. पीत नाही, मारत नाही, त्याच्यावर ओरडायला काही कारणच देत नाही. पण सकाळपासून माझ्या मागंमागं असतो. मी पातेल्यावरचं झाकण काढलं तरी मागं उभा. वळले की आदळतो. एवढी वर्षं या घरात मी एकटी वावरले, देवा. आता श्वास घ्यायला जागा नाही. त्याला कुठंतरी ने."

बायका खुदखुदल्या. "अगं, असं म्हणू नकोस गं," कोणीतरी म्हणालं, "देव शब्द धरून बसतो!"

"म्हणजे जवळपासच कुठंतरी ने," मालुंगानं घाईनं दुरुस्त केलं. "आमेन."

टाकीत एल्फास गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. गाडीभर पाव घेऊन तो ज्या घरासाठी पळाला, त्या घरात तो मालुंगाच्या वाटेतला अडथळा होता. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. फक्त आतली ऊब एकदम सहन होईना.

एवढ्यात गल्लीच्या टोकाला आरोळी उठली. "पाणी! पाणी आलं!"

अंगणातला नळ आधी फुसफुसला, मग खाकरला. प्रार्थना जिथं होती तिथं थांबली. टोप्या सावरत, चपला हातात घेत सगळ्या बायका आपापल्या घरी पळाल्या. पुढच्या वेळचं पाणी कधी, हे देवालाही सांगता आलं नसतं. राहिल्या एकट्या पाळकबाई, कारण त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होत्या आणि त्यांना न्यायला गाडी संध्याकाळी यायची होती. मालुंगानं त्यांना घरात बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

आणि एल्फासच्या मानेवर बर्फासारखी धार पडली.

तो दचकून उठला. वरच्या नळाला बॉलकॉकचा गोळा लोंबत होता, पाणी भरलं की वर उचलला जाऊन नळ बंद करणारा. त्यानं हात लांब करून तो गोळा वर दाबून धरला. धार थांबली. हात सोडला की धार सुरू. पोहता त्याला येत नव्हतं. आयुष्यात त्यानं अंघोळीच्या टोपापेक्षा खोल पाणी अंगावर घेतलं नव्हतं. तो गोळा धरून उभा राहिला. हाताला मुंग्या आल्या की हात बदलायचा.

बाहेर मालुंगा आली. "सगळ्या गल्लीत पाणी आणि माझ्याच टाकीत नाही!" तिनं पाइपवर दगडानं ठोकलं. मग नेहमीप्रमाणं टाकीवर काठीनं वाजवत पाण्याची पातळी बघायला लागली. वर टक, मधे टक, खाली टक. सगळीकडं पोकळ.

आतून टक टक आलं.

मालुंगाची काठी थांबली. "कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"थांडीचे बाबा."

तिनं आधी मागच्या दाराकडं पाहिलं. मग टाकीला तोंड लावून, दबक्या आवाजात: "तुम्ही आत काय करताय?"

"धुतोय."

"अजून?"

"क्रेट मोडलं. शिडी बुसीच्या आईनं नेली."

"अंगावर काय आहे?"

"चड्डी."

"अरे देवा! पाळकबाई घरात बसल्यात, थांडीचे बाबा! गाडी येईपर्यंत हलायचं नाही. आणि टाकी का भरत नाहीये?"

"मी गोळा धरलाय."

"सोडा तो!"

"मग मी बुडेन ना."

"इतक्या लवकर कुठली भरते ती? पाणी तासाभरात जातं, कमरेपर्यंत आलं तरी खूप. तुम्ही चांगले उंच आहात. सोडा गोळा, आठवड्याचं पाणी जाईल माझं!"

"आणि मी ज्यात उभा आहे ते पाणी प्यायचं?"

मालुंगा थबकली. तिच्या सगळ्या बादल्यांच्या हिशेबात नवऱ्यासकट भरलेलं पाणी कुठल्या रंगाच्या बादलीत मोडतं, हे ठरलेलं नव्हतं. "उकळू," ती शेवटी म्हणाली. "सोडा."

त्यानं सोडला. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. मघाशी तो उकडून निघत होता, आता त्याचे दात वाजायला लागले. मालुंगा बाहेरच उभी राहून दर थोड्या वेळानं विचारत होती, "कुठवर आलं?" आणि तो सांगत होता, "गुडघ्याला." ती पुढं म्हणायची, "बरं." एवढं बोलणं त्यांच्यात बऱ्याच महिन्यांत झालं नव्हतं.

"मालुंगा, कोणाशी बोलतेस?" पाळकबाई चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या.

"प्रार्थना, बाई. राहिली होती थोडी."

तेवढ्यात टाकी शिंकली. मग पुन्हा शिंकली.

पाळकबाईंनी चहाचा घोट घेतला. "देवाला सर्दी झालेली दिसते," त्या म्हणाल्या.

मालुंगानं पदर नव्हता म्हणून एप्रनच तोंडावर घेतला आणि सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

पाळकबाईंनी कप ओट्यावर ठेवला, टोपी काढून मालुंगाच्या हातात दिली आणि टाकीकडं तोंड करून म्हणाल्या, "बाबा, मी पाळकाशी लग्न करायच्या आधी हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात नर्स होते. तुमच्याकडं मी पाहिलं नाही असं काही असायची शक्यता नाही. शिडी कुठाय?"

शिडीसाठी भिंतीवरून बुसीच्या आईला हाक मारावी लागली. "आत्ता कशाला शिडी? पाणी भरू की शिडी देऊ?" असं ती ओरडली, पण कारण कळल्यावर शिडी घेऊन स्वतःच धावत आली. पाणी आता एल्फासच्या मांड्यांपर्यंत होतं. स्वयंपाकघरातलं गोल स्टूल आत सोडलं. तो त्यावर चढला, हात वर केले, डोकं बाहेर आलं, छाती बाहेर आली आणि पोट अडकलं. ना वर, ना खाली.

"श्वास सोडा," पाळकबाई म्हणाल्या.

"सगळा सोडलाय."

"मग साबण आण गं."

मालुंगानं भांड्यांचा पातळ साबण आणला. त्याच्या पोटाभोवती अख्खी बाटली रिकामी झाली. एका हाताला पाळकबाई, दुसऱ्याला बुसीची आई, खालून मालुंगा शिडी धरून, आणि एल्फास डोळे घट्ट मिटून. तो निसटला तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज आला. भिंतीपलीकडून दोन-तीन डोकी बघत होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्याला टेबलावरच्या चादरीत गुंडाळून स्वयंपाकघरात बसवलं. पाळकबाईंनी त्याच्यासमोर अमाग्विन्यांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोड गोळ्यांची, थाळी सरकवली आणि स्वतः त्याची नाडी बघत बसल्या. "चांगली आहे," म्हणाल्या. "घाबरलात का?"

"थोडा," एल्फास म्हणाला.

पाणी गेलं तेव्हा टाकी अर्धीसुद्धा भरली नव्हती आणि जे होतं त्यावर साबणाचा फेस तरंगत होता. ते सगळं फरशी आणि संडासाच्या खात्यात गेलं. प्यायला बुसीच्या आईनं दोन बादल्या दिल्या, आणि त्या बदल्यात गल्लीभर गोष्ट सांगायचा हक्क घेतला.

संध्याकाळी पाळकबाई गेल्यावर मालुंगानं जेवण वाढलं. घट्ट पिठाचा गोळा, सुकवलेली पालेभाजी शेंगदाण्यात. दोघं बराच वेळ खात राहिले.

"मी सगळं ऐकलं," एल्फास म्हणाला. "कुठंतरी ने, ते."

मालुंगाचा हात थाळीतच थांबला. "जवळपास, असंही म्हटलं होतं मी."

"हो. तेही ऐकलं."

"मला तुम्ही नको झालात असं नाही," ती म्हणाली. "पण मला सवय नाही. तुम्ही दिसत नव्हता तेव्हा तुमची वाट बघायची सवय होती. ती मोडली. आता काय करायचं ते मला कळत नाही."

"मलाही कुठं कळतंय? तू उठलीस की मी उठतो. दुसरं काय करणार?"

"मग नका ना उठू. कोणी सांगितलंय?"

तिनं त्याच्या थाळीत आणखी भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालुंगा अंधारातच उठली आणि तिनं त्याला हाक मारली नाही. दार अलगद ओढून घेतलं. एल्फास केव्हाचा जागा होता. बाहेर ती एकटी बादल्या हलवत होती, टाकीतलं साबणाचं पाणी उपसत होती आणि आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक बादली हळू टेकवत होती. तिनं आपल्याला झोपू दिलंय, हे त्याला कळत होतं. आपण उठलो तर तिला वाईट वाटेल, हेही. पाठ दुखायला लागली होती, लघवीला लागली होती, उजेड चांगला खिडकीपर्यंत आला होता. तरी तो डोळे मिटून, कूस न बदलता, तसाच पडून राहिला.