इंजिनाच्या पोटातलं तेल

आमचे वडील चुकले, हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नाही. ते मी आज लिहून टाकते, म्हणजे निदान कुठेतरी राहील.

ऐंशी-पंच्याऐंशीचा काळ असेल. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे फार पडत, म्हणून वडिलांनी फवारणीसाठी पेट्रोलच्या इंजिनाचा पंप आणला. दादाची बारावी झाली होती आणि त्याला आयटीआयला जाऊन मोटार मेकॅनिक व्हायचं होतं. वडील म्हणाले, "यंदाची फवारणी ह्या इंजिनावर नीट करून दाखव, मग पाठवतो." त्या दिवसापासून दादाला दुसरं काही सुचेना.

एका दुपारी त्याने इंजिनाचा प्लग काढला, त्या भोकावर माझा अंगठा ठेवला आणि दोरी हळूहळू ओढली. अंगठा आत खेचला गेला. "पिस्टन खाली गेला. हवा नि पेट्रोल आत आलं." आणखी ओढली, तर अंगठा बाहेर ढकलला गेला. "आता दोन्ही झडपा बंद. पिस्टन वर येऊन सगळं दाबतोय. इथे ठिणगी पडते, भडका उडतो नि पिस्टन खाली फेकला जातो. मग परत वर येताना तो धूर बाहेर टाकतो." चार हेलपाटे म्हणून फोर-स्ट्रोक; त्यांत जोर एकाचाच, बाकीचे तीन त्याची उस्तवार करणार. "आपल्या घरासारखंच," मी म्हटलं. भाकऱ्या थापणारी आई हसली नाही. दादाने मला आणखी एक सांगितलं. ह्या इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबर जळत नाही, ते खाली पोटात वेगळं भरावं लागतं. नवं इंजिन कोरडंच येतं.

मुहूर्ताच्या दिवशी बागेतल्या मांगरासमोर, राखणीच्या खोपटासमोर, पंपाला हार घातला, नारळ फोडला. शेजारचे बागायतदारही आले होते. वडिलांनी पेट्रोलच्या डब्यात मापाने ऑइल ओतलं आणि काठीने ढवळलं. आमच्या स्कूटरला तसंच लागायचं, रत्नागिरीतल्या सगळ्याच स्कूटरींना लागायचं. दादा पुढे झाला.

"बाबा, हे फोर-स्ट्रोक आहे. ऑइल खाली भरायचं. खाली थेंबसुद्धा नाहीये."

वडिलांनी चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. "स्कूटर मी चालवतोय, मेल्या. तू मला शिकवणार?"

गडी हसले, शेजारी हसले. त्या हसणाऱ्यांची तोंडं मला अजून पाठ आहेत.

इंजिन सुरू झालं. निळा धूर कलमांत पसरला. पहिलं कलम पुरतं भिजलंही नव्हतं, तोच आवाज कर्कश झाला आणि इंजिन गच्च धरून बसलं.

"ओढ," वडील दादाला म्हणाले. दोरी हलेना. "ओढ सांगतोय ना." दादा ओढत राहिला. त्याच्या तळहाताची साल निघाली, दोरी लाल झाली, तरी वडील थांब म्हणेनात. मग शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "हा म्हणे मेकॅनिक होणार. पहिल्याच दिवशी इंजिन जाळलंन." ऑइल कुणी कुठे ओतलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दादा आयटीआयला गेला नाही. वडिलांनी त्याला मुंबईला मावशीच्या यजमानांच्या कापडदुकानात चिकटवून दिलं. इंजिन मात्र टाकलं नाही, पडवीत मांडून ठेवलं. गणपतीत पाहुणे आले की त्याच्यावर काठी आपटून म्हणायचे, "आमच्या चिरंजीवांचा पराक्रम." दादा खाली मान घालून मोदक वाढत असे. मला वडिलांचा इतका संताप होता, की ते गेले तेव्हाही माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

त्यानंतरच्या गणपतीत दादाच्या मुलीने त्या गंजलेल्या इंजिनावर हात फिरवत विचारलं, "हे कुणी बिघडवलं?"

"मी," दादा म्हणाला. "ऑइल भरायचं राहिलं माझ्याकडून."

तो चेष्टा करत नव्हता. मी म्हटलं, "अरे, तू तर सांगत होतास. त्याच्यासाठीच तर मार खाल्लास."

त्याने खरंच थोडा वेळ आठवून पाहिलं.

"नाही गो," तो म्हणाला. "बाबा सांगत होते. मीच ऐकलं नाही."