ओब्दुलियाची अनामिका

दामासो मास्तरांचं दुकान न्हाव्याचं. स्पेनमधल्या हेरेसच्या सान्तियागो पेठेत, चर्चच्या मागच्या गल्लीत. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक दाढी पुसून गेलं की मास्तर पडदा ओढायचे, फरशीवरचे केस झाडून कोपऱ्यात लावायचे आणि आम्ही फ्लामेंकोची गिटार शिकायला खुर्च्या गोल मांडायचो. मी लिबोरिओ, पिंपं बांधणारा. माझ्या शेजारी नेमेसिओ, मंडईत मासे विकायचा. कितीही साबण लावला तरी त्याच्या गिटारीला सार्डिनचा वास यायचा. आणखी एकदोघे येऊन जाऊन असायचे. मग एका शुक्रवारी ओब्दुलिया आली.

ती दारूच्या कोठारात बाटल्यांना कागद चिकटवायची. भाऊ जर्मनीत कारखान्यात गेला होता आणि त्याची गिटार पलंगाखाली पडून होती. ती जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आली होती.

मास्तरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरी, तुमच्या घरात सगळ्या नाचतात. तू का नाचत नाहीस?"

"मी नाचले की खालच्या बिऱ्हाडाच्या छताचा गिलावा पडतो, मास्तर."

नेमेसिओ एवढा हसला की त्याच्या गिटारीची खुंटी सैल झाली. मास्तर हसले नाहीत, पण तिला बसायला स्टूल सरकवलं.

ती शिकली कशी, हे मी दर शुक्रवारी पाहिलं तरी मला कळलं नाही. बारा मात्रांचा ताल आम्ही बोटांवर मोजत बसायचो. तिच्या अंगात तो आधीच होता, स्वयंपाकघरात टाळ्या वाजवणाऱ्या बायकांमध्येच ती वाढली होती. तिला फक्त बोटं हवी होती, आणि बोटांसाठी ती वाटेल ते करायला तयार होती. कोठारात जेवणाच्या सुट्टीत बाकाच्या कडेवर बोटं आपटायची. घरी जागा नाही म्हणून संडासात बसून वाजवायची आणि बाहेर शेजारीण दार बडवायची. वर्षभरात आम्ही दोघे तिच्या मागे पडलो. तिसऱ्या वर्षी आम्ही तिला गाठण्याचा नादच सोडला.

"पिंपवाल्या," नेमेसिओ मला म्हणायचा, "आपण आता टाळ्या वाजवू या. त्या तरी धड वाजवू."

मास्तर स्वतः कधीच वाजवायचे नाहीत. डाव्या हाताने तारांवर जागा दाखवायचे, बाकीचं तोंडाने म्हणायचे. त्यांच्या उजव्या हाताची अनामिका, करंगळीशेजारचं बोट, गिटार हातात घेतली की तळव्याकडे वळायची. आम्ही समजायचो, वस्तऱ्याने कधीतरी शीर कापली असेल. विचारायची कुणाची हिंमत नव्हती. पण एक गोष्ट मला खटकायची. त्याच हाताने ते वस्तरा धरायचे आणि गळ्याच्या घाटीवरून असा फिरवायचे की माणसाला झोप लागावी. वस्तरा धरताना ते बोट सरळ असायचं.

द्राक्षांची तोडणी संपली होती. पेठेत सगळीकडे आंबूस वास भरून राहिला होता, त्या दिवसांतली गोष्ट. ओब्दुलिया एकच तार तीन बोटांनी थरथरत वाजवण्याचा तुकडा वाजवत होती, खालून अंगठ्याची चाल. तो तुकडा तिला पाण्यासारखा यायचा. त्या दिवशी मध्येच एक सूर गळला. मग पुन्हा त्याच जागी. ती थांबली, हाताकडे पाहिलं आणि हसली.

"बोट झोपलं वाटतं माझं."

"उठव त्याला," नेमेसिओ म्हणाला. "नाहीतर माझ्याकडे दे, बर्फात ठेवतो."

तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी मीही पाहिलं. अनामिका तारेपर्यंत यायची आणि ऐन वेळी आत दुमडायची, गोगलगाईच्या शिंगासारखी. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा फेसासारखा पांढरा पडला होता.

"आज पुरे," ते म्हणाले. "घरी जा सगळे."

आम्ही निघालो. त्यांनी ओब्दुलियाला थांबवलं. मी गिटारीची पेटी बंद करायच्या निमित्ताने रेंगाळलो.

"दुखतं का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, मास्तर. अजिबात नाही."

"दुखत असतं तर बरं झालं असतं." ते आरशाकडे तोंड करून बोलत होते. "गिटार बंद. उन्हाळ्यापर्यंत हात लावायचा नाही."

"उन्हाळ्यापर्यंत? एवढ्या एका सुरासाठी?"

"सांगितलं ना!"

बाहेर आल्यावर ती रागाने लाल झाली होती. "लिबोरिओ, मी त्यांच्यापुढे गेले ते त्यांना बघवत नाही. दुसरं काय?" मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

तिने गिटार बंद केली नाही. उलट दुप्पट वाजवू लागली. शुक्रवारी दुकानात यायची ती टाळ्या वाजवायला, शहाण्या मुलीसारखी. आणि बाकीच्या दिवशी काम सुटलं की आमच्या पिंपांच्या आवारात यायची. आम्ही लोखंडी कडी ठोकत असायचो, त्या गदारोळात कुणाला काही ऐकू जाणार नाही म्हणून. मी तिला एका उपड्या पिंपावर जागा करून दिली होती. ठोकाठोकी थांबली की तिच्या गिटारीचा आवाज यायचा. सूर, सूर, भोक. सूर, सूर, भोक.

ते बोट बाकी सगळं करायचं, हीच भीतीची गोष्ट होती. बाटल्यांवर कागद बसवायचं, केसांत पिना खोवायचं, हरभरे निवडायचं. एकदा तिने माझ्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवला. "बघ! काय झालंय याला?" आणि तोच हात तारांवर नेला, तर तारेला टेकायच्या आधीच बोट आत. जणू तिथे काहीतरी बसलं होतं आणि बोटाला ते दिसत होतं.

डॉक्टरने हात दाबून, वळवून पाहिला आणि म्हणाला, हा हात तर घोड्याला नाल ठोकेल. आई तिला नजर काढणाऱ्या बाईकडे घेऊन गेली. बाईने पाण्यात तेलाचे थेंब सोडले. ते पसरले, तेव्हा ती म्हणाली, "कुणीतरी फार प्रेमाने पाहिलंय या पोरीकडे. तसल्या नजरेवर माझ्याकडे उतारा नाही." आईने हे मला रडत सांगितलं. मी हसून उडवून लावलं, पण त्या दिवसापासून ओब्दुलिया वाजवत असली की मी दुसरीकडे बघायचो.

मग ती बोटाला काडी बांधून वाजवू लागली, दोऱ्याने घट्ट. दोरा रुतून बोट निळं पडायचं.

त्या सुमारास पेठेच्या गाण्याच्या मंडळाने रविवारी दुपारची बैठक ठरवली. पुरा मावशी गाणार होती. मावशी म्हातारी, संधिवाताने वाकलेली, पण तिने तोंड उघडलं की कपाटातल्या बश्या वाजायच्या. साथीला तिने ओब्दुलियाला मागितलं होतं. पेठेत आजवर कुठल्याच बाईला हे मिळालं नव्हतं.

बैठकीच्या आधी एका दुपारी मास्तर आमच्या आवारात आले. अंगात दुकानाचा पांढरा कोट तसाच. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी तिच्या बोटाची काडी पाहिली, खाली बसले आणि हात पुढे केला. "दे."

तिने गिटार दिली. मास्तरांनी उजवा हात तारांवर ठेवला, आणि मी त्यांना पहिल्यांदा वाजवताना पाहिलं. वाजवताना म्हणता येणार नाही. अनामिका दुमडली, पाठोपाठ मधलं बोट, मग करंगळी ताठ होऊन बाहेर निघाली. हात तारांवर खेकड्यासारखा आक्रसत गेला. अंगठा तेवढा धडपडत होता, मग तोही आत ओढला गेला. ठोकाठोकी करणारी माणसं हातोड्या खाली ठेवून बघत राहिली.

"मीही काडी बांधली," मास्तर म्हणाले. "गरम पाण्यात बुडवलं. दाराच्या फटीत चेंगरलं. बोटाला तू जेवढं मारशील तेवढं ते शेजारच्या बोटाला शिकवतं. मला आधीच सांगायला हवं होतं, पोरी. लाज वाटली."

ओब्दुलियाने गिटार परत मांडीवर घेतली. मग म्हणाली, "रविवार होऊ दे. रविवारनंतर थांबते."

"मीही असंच म्हणालो होतो."

"मास्तर, पुरा मावशीने मला मागितलंय. मला. पुन्हा कोण मागणार?"

ते उठले, कोटाला लागलेला भुसा झटकला आणि निघून गेले.

रविवारी मंडळात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलांवर फिनो दारूचे पेले, ऑलिव्हच्या बश्या, भिंतीला टेकून उभी असलेली माणसं. ओब्दुलिया काळ्या पोशाखात मावशीच्या शेजारी बसली. काडी नव्हती. मावशीने गुडघ्यावर मुठीने ताल धरला आणि सिगिरिया सुरू केली. ते गाणं मरणाचं. हळव्या मनाच्या माणसाने ऐकू नये. पहिल्याच ओळीनंतर गिटारीने उत्तर द्यायचं असतं. मी श्वास रोखला होता.

तिने बोटं वापरलीच नाहीत. सगळी मिटून घेतली आणि नुसत्या अंगठ्याने वाजवलं. जाड तारांवर घणासारखे घाव, मध्ये लांब शांतता. आमच्या आजोबांच्या काळात असं वाजवायचे म्हणतात. मावशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज आणखी खाली, विहिरीत उतरावा तसा उतरला. मागच्या भिंतीपाशी एक म्हातारा रडायला लागला. गाणं संपलं आणि सगळे उठून उभे राहिले.

"काय अंगठा आहे!" "अरे, जुनी माणसं परत आली!" नेमेसिओ तर खुर्चीवर चढला होता.

मी मास्तरांना शोधलं. ते दारातून बाहेर पडत होते.

माणसं तिला मिठ्या मारत होती. मी तिच्या हाताकडे पाहत होतो. गिटार तिने खाली ठेवली होती आणि हात मांडीवर होता, तरी मधलं बोट उघडलं नव्हतं.

त्यानंतर कोण थांबतंय? आमंत्रणं आली. लेब्रिखाहून, उत्रेराहून, एका लग्नाचं, एका बारशाचं. सगळ्यांना तो अंगठा ऐकायचा होता. तिनेही मनाची समजूत घातली की बोटं गेली तर गेली, अंगठा आहे. मेमधल्या जत्रेत एका मंडपात ती साथ करत होती. मी आणि नेमेसिओ टाळ्यांना होतो. ऐन गाण्यात तिचा अंगठा हळूहळू आत गेला, मुठीत, आणि मूठ तारांवर पडून राहिली. गायकाने दोन ओळी तशाच रेटल्या, मग तो थांबला. मंडपात फक्त आमच्या टाळ्या चालू होत्या. त्या थांबवाव्यात हेही आम्हाला सुचलं नाही.

ओब्दुलियाने डाव्या हाताने उजवा हात तारांवरून उचलला, एखादं मेलेलं पाखरू उचलावं तसा. उठली आणि चालू लागली.

पुढे बरेच दिवस ती दुकानात फिरकली नाही. कोठारातलं काम चालूच होतं, तिथे तो हात शहाण्यासारखा वागायचा. घरी जाताना आमची गल्ली टाळून ती लांबच्या रस्त्याने जायची. एकदा नेमेसिओने मंडईत तिला हाक मारली, "अगं ए, मासे तरी घेऊन जा, त्यांना बोटं नसतात!" तिने वळून पाहिलं, आणि दुसऱ्या क्षणी त्याला वाटलं आपली जीभ झडली असती तर बरं. त्या दिवसानंतर त्याने हातावरून कुणाची थट्टा केली नाही.

तिला परत आणलं मास्तरांनी. कसं, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. एका शुक्रवारी आम्ही गेलो तर ती स्टुलावर बसलेली. भावाची गिटार मांडीवर उलटी. मास्तरांनी तारा उलट्या क्रमाने चढवल्या होत्या, त्यासाठी वरच्या हाडाच्या पट्टीला नव्या खाचा पाडल्या होत्या. ओब्दुलिया डाव्या हाताने छेडत होती आणि उजवा हात गिटारीच्या दांडीवर सूर दाबत होता. तिथे त्याची काही तक्रार नव्हती. ती मोकळी तार छेडत होती. एक सूर. पुन्हा तोच सूर. ज्या बाईने पुरा मावशीचा आवाज विहिरीत उतरवला होता, ती पहिल्या धड्यावर होती.

"काय बघताय?" ती म्हणाली. "टाळ्या वाजवा. सावकाश."

आम्ही वाजवल्या. ती चुकली की थांबायचो. हे किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. मास्तर गेले तेव्हा ती एक सोलेआ, संथ चालीची जुनी गत, पूर्ण वाजवू शकत होती, साधीच, आणि तिने ती त्यांच्या घरी, शवपेटी उचलण्याआधी वाजवली. पूर्वीचं वाजवणं परत आलं नाही. कुणी तिला साथीला बोलावलं नाही आणि कुणी बोलावलं असतं तरी ती गेली नसती असं मला वाटतं.

आता दुकानात दुसरा न्हावी आहे, पण शुक्रवारची संध्याकाळ ओब्दुलियाची. शिकणाऱ्यांना ती सुरांच्या आधी हात दाखवायला लावते. कुणी फार वाजवतंय असं दिसलं की गिटार काढून घेते आणि आठवडाभर परत देत नाही. पोरं चिडतात, मागून नावं ठेवतात. मी म्हातारा झालोय, कोपऱ्यात बसून ताल धरतो.

परवा शिकवणी संपल्यावर ती एकटीच वाजवत होती. मी चष्मा पुसला आणि थोडा पुढे झुकून तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तिच्या ते लक्षात आलं.

"तुलाही दिसलं?" तिने विचारलं.

"काही नाही दिसलं," मी म्हणालो. आणि खरंच काही दिसलं नव्हतं. एक सूर जरा उशिरा आला होता, एवढंच.

तिने गिटार चादरीत गुंडाळली, दिवा मालवला आणि आम्ही गल्लीत आलो. ती हात खिशात घालून चालत होती. बाहेर थंडी नव्हती.