विश्वाची हद्द मोकलांच्या शेतात

“मॅडम, तुमच्या विश्वानं शाळेची वाट बंद केलीये. ताबडतोब या.”

एवढं बोलून सावंतबाईंनी फोन ठेवला. सावंतबाई म्हणजे शिरढोणच्या पुढे, हायवे सोडून आत असलेल्या एका शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षिका. एरवी त्यांचा आवाज वर्गाच्या दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसेल. पण ‘तुमच्या विश्वानं’ हे मला चांगलंच लागलं. विश्व माझं नव्हतं. मी फक्त आखून दिलं होतं.

मी सर्व्हेअर आहे. जुन्या पनवेलमध्ये माझं छोटं ऑफिस आहे. लोकांच्या जमिनी मोजायच्या, प्लॉटचे कोपरे दाखवायचे, कागदावरची इमारत जमिनीवर उतरवून द्यायची, हे माझं काम. तीन पायांवर उभं राहणारं एक यंत्र असतं, त्याला टोटल स्टेशन म्हणतात. त्याच्या दुर्बिणीतून बघायचं. समोर काठीवर प्रिझम धरून माणूस उभा करायचा. अंतर आणि कोन आपोआप मिळतात. मग खुंट्या ठोकायच्या आणि त्यांच्यामधून चुन्याची फक्की ओढायची. यात कठीण काहीच नाही. कठीण असतं ते खुंट्या ठोकल्यावर जमणाऱ्या माणसांशी बोलणं.

आमच्या भागात तर फारच. इथे वर्षानुवर्षं काही ना काही येतच असतं. रस्ता येतो, रेल्वे येते, टाउनशिप येते, विमानतळ येतो. जमीन मात्र जातेच. त्यामुळे शेतात तीन पायांचं यंत्र दिसलं की इथला माणूस जेवता जेवता ताटावरून उठतो.

मी पोचले तेव्हा शेताच्या बांधावरून शाळेत जाणाऱ्या वाटेवर काटेरी तार लावलेली होती. तारेच्या अलीकडे दप्तरं घेतलेली पोरं, पलीकडे शाळा. मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर धर्माजी मोकल बसलेले. शेत त्यांचं, बांध त्यांचा आणि वाटही त्यांचीच. आजवर त्यांनी कुणाला अडवलं नव्हतं. दुसरा रस्ता मोठ्या रोडवरून होता आणि त्या रोडवरून उरणकडे जाणारे कंटेनर असे जातात की मीसुद्धा गाडी कडेला घेऊन त्यांना आधी जाऊ देते. तिथून लहान पोरांना पाठवायचं म्हणजे जिवाशी खेळ. त्यात दहावीची सराव परीक्षा चालू होती. सावंतबाई रडायच्या बेतात होत्या.

हे सगळं कशामुळे झालं ते सांगते.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. सावंतबाईंना मैदानावर दृश्य विश्वाचा नकाशा हवा होता. दृश्य विश्व म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, आपल्याला दिसू शकेल तेवढं विश्व. त्यापलीकडेही काही असणारच, पण तिथला प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेला नाही. त्यांचं माप ठरलेलं होतं. एक मीटर म्हणजे एक अब्ज प्रकाशवर्षं. झेंड्याच्या खांबापाशी आपण, आणि तिथून शेहेचाळीस मीटरवर गोल कड.

“शेहेचाळीस कसे?” मी विचारलं. माझ्या लेकाच्या पुस्तकात विश्वाचं वय पावणेचौदा अब्ज वर्षांच्या आसपास वाचलं होतं. “प्रकाश पावणेचौदा अब्ज वर्षं चालला तर पावणेचौदा मीटरच होतात.”

“मॅडम, प्रकाश चालत असताना वाटच ताणली गेली,” सावंतबाई म्हणाल्या. “तो जिथून निघाला ती जागा आता खूप लांब गेलीये.”

मला हे अजिबात आवडलं नाही. आमच्या धंद्यात टेप उन्हानं केसभर लांबली तरी त्याची दुरुस्ती करावी लागते. इथे अख्खी जमीनच ताणली जातेय आणि बाई ते फळ्यावर लिहून मोकळ्या.

त्या मापात आपली अख्खी आकाशगंगा मिलिमीटरचा दहावा भाग होती. बाईंनी खांबापाशीच्या खुंटीच्या डोक्यावर पेनचा ठिपका दिला, तोच जास्त मोठा झाला. शेजारची देवयानी दीर्घिका अडीच मिलिमीटरवर, म्हणजे त्याच खुंटीवर. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब तिथे आले आणि त्यांनी विचारलं, “यात पनवेल कुठे दाखवणार?” सावंतबाईंनी ठिपक्याकडे बोट केलं. अण्णासाहेबांना ते पटलं नाही. निदान ठिपक्यावर संस्थेचं नाव तरी येईल का, अशी त्यांनी चौकशी केली.

खरी अडचण पूर्वेला होती. मैदान त्या बाजूला कमी पडत होतं. विश्व बांध ओलांडून मोकलांच्या शेतात जात होतं.

“माप निम्मं करू,” मी म्हटलं. “विश्व मैदानात बसेल.”

“विश्व लहान करायचं?” अण्णासाहेब म्हणाले. “प्रमुख पाहुणे येणार आहेत, मॅडम!”

“मग शेजाऱ्यांना विचारलंय का?”

“मोकल ना? तो आपलाच माणूस आहे. तुम्ही मारा फक्की.”

आपलाच माणूस आहे, हे वाक्य ऐकलं की मी एरवी यंत्र पेटीत भरते आणि घरी जाते. ज्याला विचारायचं राहून गेलंय त्यालाच आपलाच माणूस म्हणतात. पण प्रदर्शन तोंडावर आलं होतं, शेत मोकळं होतं आणि मोकल कुठे दिसत नव्हते. ते गावाला गेले होते. परत आले तेव्हा शेतात पांढरी गोल रेघ आणि तिच्यावर लाल डोक्याच्या खुंट्या. लाल खुंटी म्हणजे जमीन जाणार, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

“काका, नमस्कार,” मी तारेपाशी जाऊन म्हटलं.

“कंचा रोड येतोय?” मोकल माझ्याकडे न बघता म्हणाले.

“रोड नाही, काका. हा शाळेचा नकाशा आहे. विश्वाची कड आहे ही.”

“बाय, असाच एक सायेब आला व्हता. नुसता बगून जातो म्हनला. त्याच्याबी खुट्या लालच व्हत्या. आता त्या जागेवरनं गाड्या पलतात. माजं एवढंच ऱ्हायलंय, ह्या बांधापासून त्या घरापर्यंत. आता ह्याच्यावरबी चुना?”

 त्यांना जे वाटत होतं ते चूक होतं, पण तसं का वाटत होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अशा लाल खुंट्या मी स्वतः किती शेतांत ठोकल्यात.

तेवढ्यात अण्णासाहेबांची गाडी आली. अण्णासाहेब दोन्ही हात पसरून उतरले आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, “अहो धर्माजी, रागावता कशाला? तुमचं शेत विश्वाच्या आतच येतंय!”

“म्हंजे घेतलीच जमीन!” मोकल खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

सावंतबाईंनी कपाळाला हात लावला. मी अण्णासाहेबांना जरा सावलीत उभं राहायला सांगितलं. मग सावंतबाईच पुढे झाल्या आणि वर्गात बोलतात तसं बोलू लागल्या. ही मालकीची हद्द नाही, नजरेची हद्द आहे. इथपर्यंतचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचला, पुढचा नाही. मोकलांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “पल्याड कोन हाय?”

“काय?”

“बाय, तू मोजनीवाली ना? रेगेच्या पल्याड कोन हाय, सांग.”

 जमिनीच्या कागदात चतुःसीमा लिहावी लागते, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला, उत्तरेला कोण. पलीकडचा माणूस माहीत नसताना मी कुठल्याही नकाशावर सही केलेली नाही. आणि इथे चारी बाजूंना काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. धंद्याच्या दृष्टीनं ते फारच लाजिरवाणं होतं.

“बहुतेक असंच पुढे,” मी म्हटलं. “नक्की माहीत नाही.”

“आनि मदी शालाच कशी? कोनी ठरवलं?”

“कुणीच नाही हो, काका,” सावंतबाई म्हणाल्या. “जो बघतो तो त्याच्या वर्तुळाच्या मध्ये. विश्वाला स्वतःचा असा मध्य नाहीच.”

मोकलांनी मागे वळून आपल्या घराकडे बघितलं.

“मंग मी माज्या ओट्यावरनं बगतो. माजी रेग मारा.”

सावंतबाईंचा चेहरा एकदम उजळला. “मॅडम, अगदी बरोबर आहे! दोन वर्तुळं असली तर मुलांना खरं काय ते कळेल!”

मी यंत्र मोकलांच्या ओट्यावर लावलं. झेंड्याच्या खांबापासून ओट्याचं अंतर साठ मीटर निघालं. म्हणजे शाळेच्या मापानं मोकल साठ अब्ज प्रकाशवर्षं लांब बसले होते. शाळेच्या दृश्य विश्वाबाहेर. शाळेला ते दिसतच नव्हते, मग विचारणार कसं? त्या क्षणी मला हे शास्त्र पहिल्यांदा नीट समजलं.

शेहेचाळीस मीटरचं दुसरं वर्तुळ निघालं. एका बाजूनं ते शेतातून आणि शाळेच्या मैदानातून गेलं. दुसऱ्या बाजूनं मोकलांच्या घरामागे. तिथे अण्णासाहेबांचा बंगला आहे.

“इथे खुंटी येते,” मी सांगितलं. खुंटी अण्णासाहेबांच्या पोर्चमध्ये येत होती. नवीन गाडीच्या आणि तुळशीच्या मधोमध.

“छे छे!” अण्णासाहेब आडवे आले. “घरात चुना कसला मारताय? लोक बघतील. उद्या कुणी म्हणेल, काही वाद आहे जागेचा.”

“तुमी आतच येता, अन्ना,” मोकल शांतपणे म्हणाले. “घाबरता कशाला?”

 अण्णासाहेबांनी गाडीकडे बघितलं, तुळशीकडे बघितलं, मग लांब तारेपाशी उभ्या असलेल्या पोरांकडे. माणूस वाईट नाही. फक्त त्यांच्या घरात खुंटी यायची ही पहिलीच वेळ.

“अण्णासाहेब, पेपर सुरू व्हायची वेळ झाली,” सावंतबाई म्हणाल्या. या खेपेला त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

“मारा,” अण्णासाहेब म्हणाले. “पण पेव्हर ब्लॉकला भोक पाडू नका.”

मी खुंटीऐवजी खडूची खूण केली आणि पोर्चमधून पांढरी रेघ ओढली. मोकल मागोमाग चालत होते. रेघेच्या एका अंगाला उभे राहिले, मग दुसऱ्या अंगाला. गाडीला हात लावून बघितला. बंगल्याच्या भिंतीवर थाप मारली. सगळं जागच्या जागी होतं.

“अन्नाचं घर गेलं का?” त्यांनी मला विचारलं.

“नाही, काका.”

“मंग माजंबी नाय गेलं.”

ते परत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तार गुंडाळली. पोरं त्यांच्या बाजूनं पळत शाळेत शिरली. मी मात्र त्याआधीच शेतातल्या लाल खुंट्या उपटून गाडीत टाकल्या होत्या. नुसती फक्की पुरे होती. लाल रंगाची गरज विश्वाला नव्हती, ती माझ्या सवयीला होती. त्या खुंट्या उपटताना मला खूप बरं वाटलं, हे सांगायला हरकत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी मोकलांच्या ओट्यावर होती. पोरं एकेक करून मध्यभागी उभी राहत होती आणि मोकल सगळ्यांना ठणकावून सांगत होते, “हितनं बग. हितनं तुजं.” प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, यातलं खरं विश्व कोणतं? सावंतबाई उत्तर देणार तेवढ्यात अण्णासाहेबांनी पाहुण्यांना चहाला नेलं. आदल्या संध्याकाळी अण्णासाहेबांनी पोर्च पाइप लावून धुऊन काढला होता. त्यामुळे एका बाजूला विश्व जरा तुटलेलं होतं, आणि ते कुणाला दाखवायची त्यांची इच्छा नव्हती.

तेव्हापासून मी एक नियम केलाय. काम कितीही मोठं असो, पेटी उघडण्याआधी शेजारच्या ओट्यावर जाऊन पाणी मागायचं आणि काय करणार ते सांगायचं. विश्वाला शेजारी आहे की नाही, हे शास्त्रज्ञांना अजून ठरवता आलेलं नाही. शाळेला आहे.