जिन्याच्या शीटचा कोपरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर हिंमत झाली नसती.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या सरांचं ऑफिस होतं. सर आर्किटेक्ट; मी आणि नलूदीदी त्यांची ड्रॉइंग्ज काढायचो. सर गेले, आणि ट्रेसिंग पेपरच्या सगळ्या गुंडाळ्या काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, माझ्या हवाली केल्या. एका कॉलेजला त्या जपून ठेवायच्या होत्या. निवडून, यादी करून द्यायचं काम माझं. वाळवी, ओल, उंदीर — सगळ्यांतून मी त्या वाचवल्या. लोक कौतुक करायचे. मलाही स्वतःचं कौतुक कमी नव्हतं.

कॉलेजनं प्रदर्शनात लावायला बारा शीट निवडल्या. त्यांत माझी एकही नाही. बावीस वर्षं त्या टेबलावर मान मोडून काम केलं, आणि एकही नाही? वाईट वाटलं, असं म्हणता येईल. पण खोटं कशाला बोलू — जळफळाट झाला.

सगळ्यांत देखणी शीट एका वाचनालयाच्या गोल जिन्याची. ती दीदीनं काढलेली. पायरीपायरीची सावली शाईच्या बारीक रेघांनी भरलेली. महिनाभर ती त्यावर वाकलेली मी बघितली होती. खालच्या कोपऱ्यात, काढणाऱ्याच्या चौकटीत, तिची आद्याक्षरं. ट्रेसिंगवर शाई चुकली की आम्ही ती ब्लेडनं खरवडून काढायचो. हात सरावलेला होता, आणि शीट अजून माझ्याच ताब्यात होत्या. दोन अक्षरं — दोन मिनिटंही लागली नाहीत. मग तिथे माझी घातली.

एवढंच असतं तर? नाही, एवढंच नाही.

प्रदर्शनाला दीदी आली, समता कॉलनीतून, सुनेबरोबर. जिन्यासमोर थांबली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोपरा वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मले तर वाटून राहिलं होतं भैया, हा जिना मीच काढला. तुम्ही काढला होता काय?"

आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

"हव दीदी, मीच," मी म्हणालो.

"मंग मीच भुलून राहिली," ती म्हणाली, आणि सुनेला हिंदीत सांगू लागली की आजकाल डोक्यात काही राहत नाही.

तेव्हापासून तिचा स्वतःच्या आठवणींवर भरवसा उरलेला नाही. ऑफिसचा विषय निघाला की बोलता बोलता थांबते, माझ्याकडे बघते — बरोबर आहे ना? मी मान हलवतो. परवाही हलवली.

शीट आता कॉलेजच्या थंड खोलीत, सपाट ड्रॉवरमध्ये आहे. उजेडासमोर धरली तर खरवडलेली जागा पातळ दिसते, कुणालाही दिसेल. म्हणून यादीत त्या शीटपुढे मी माझ्या हातानं लिहून ठेवलंय — कागद फार नाजूक आहे, बाहेर काढू नये.